फटफटीच्या कपाळाचं कुकू

आमचं मूळ गाव मावळात, डोंगराच्या अंगाला, पन मी काय तिथं वाढले न्हाई बाई, मी जल्मले तवा चिंचवडात कंपन्यांचे पाये खांदायचं काम चाललं व्हतं, आईबाप दोगंबी त्या खांदकामावर, अन् मला म्हनं पाटीत घालून मुरमाच्या ढिगाशेजारी ठिवायचे, वरून आईचं लुगडं टाकायचे उन्हाला. तशी मी. साळा चौथीपत्तूर झाली. पाचवीत नाव घातलं व्हतं पन पाठची भावंडं सांबाळाया कोन, मंग सुटलं. वाचता येतं मला, न्हाई असं न्हाई, यष्टीची पाटी वाचते, दवाखान्यातली वाचते, जोडाक्षर आलं की तेवढी अडखळते. पन मनातलं कागदावर उतरवाया न्हाई जमत, म्हून तुमाला म्हनलं बाई तुमीच लिवा, मी बोलते तसं लिवा, मधी थांबवू नका, थांबले तर माझ्याच्यानं पुन्ना बोलवनार न्हाई.

सोळाव्या वर्सी चाकनकडं निघोजात दिली. हे कंपनीत फिटर. दोन वर्सं शिकून आलेले, हाताला कसब लई, केसायेवढी फट असली तरी बोट फिरवून सांगायचे इथं उचललंय म्हून. सासरा न्हवता, सासू अन् आमी दोगं. सासूला मी आत्याच म्हनते. आत्या वाईट न्हाईत हां, बोलायला तिखट, पन माझ्या बाळंतपनात त्यांनी मला उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला न्हाई. तर निघोजं म्हंजी तवा काय, समदी बाजरी अन् कांदं, नाशिक रस्त्याला यायचं तर आडवाटनं यायचं, तिथून यष्टी भेटली तर भेटली. ह्यांची पैली पाळी सातला, म्हंजी साडेचारला उठून सायकल. पावसात चिखलानं चाक फिरंना की सायकल खांद्यावर. तीन डाव उशीर झाला की साहेब दारातनं परत धाडायचा. मी सांगत व्हते कंपनीच्या जवळ खोली करू, कासारवाडीला करू, पन आत्या जमीन सोडून येईनात.

मंग ती फटफटी आली.

फटफटी म्हंजी साधी न्हवं बाई, शर्यतीची. कंपनीतल्या कुन्या साहेबाचा पोरगा डोंगरातल्या शर्यती खेळायचा, तो पडला, हात मोडला, तवा साहेब म्हनला ही घरात नको. शेडमधी पडून व्हती वर्सभर. ह्यांनी मागून घेतली. दोन म्हैने अंगनात तिची हाडं न् हाडं सुटी करून मांडली, रॉकेलात धुतली, पुन्ना जोडली. हँडल असं बुटकं, बसनारा पार पुढं वाकलेला, मागं सीट म्हंजी नुस्ती फळीवानी, अन् आवाज तर असा की शेजारची म्हस दूध चोरायची. पैल्या दिवशी अंगनात चालू केली तवा गावातली मानसं जमली, ह्यांचा एक दोस्त म्हनला राव, कारभारनीला कुटं बसवनार हिच्यावर, टाकीवर का? दुसरा म्हनला न्हाई भावा, कारभारीनच मागनं पळत येनार. समदी हसली. आत्या म्हनल्या हसा, हसा, ज्या पोरानं चालवली त्याचा हात मोडला, आता माझ्या लेकाचं काय मोडतीया बगा. त्यावर हे बी हसले. मी न्हाई हसले. माझ्या पोटात तवा दिपू चार म्हैन्याचा.

मी भित्री हाय बाई. ल्हानपनी मुरमाची दरड कोसळताना बघितलीय, आत दोन मानसं व्हती. तवापासनं मानूस घराबाहेर गेलं की मला वाटतं आता ते येत न्हाई. अन् नाशिक रस्ता म्हंजी समदे ट्रक, समोरून आले की वाऱ्यानं मानूस हलतं. हे फटफटीवर बसले की मी जे देवाचं नाव घ्यायची ते संध्याकाळी आवाज ऐकू येईपत्तूर. आवाज लांबनंच यायचा, तवा चुलीवरचा तवा दिसाया लागायचा मला.

मंग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात, खुरपं, कोयता, नांगर, अन् कंपनीतली मानसं पाना-पकड पुजतात, गाड्या पुजतात. ह्यांनी फटफटी धुतली, मला म्हनले हिला कुकू लाव. मला कळंना कुटं लावायचं. नांगराला कुटं लावायचं ते ठाव हाय, बैलाला ठाव हाय, हिला कपाळ कुटंय? मंग मला टाकीवरचं ते पेट्रोलचं झाकन दिसलं, गोल, चकचकीत, बरूबर मधोमध, बसनाऱ्याच्या पुढ्यात. मी म्हनलं हेच कपाळ. तिथं लावलं. झाकनाच्या मधी एक बारीक भोक व्हतं, सुईच्या नाकायेवढं, मला वाटलं घडवनाऱ्यानं मधल्याची निशानी केली असंल. त्याच्यावरच बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी हे कामाला जाऊन आले तर कुकू उडालेलं. वाऱ्यानं राहातंय व्हय कोरडं कुकू. माझ्या मनात पाल चुकचुकली, म्हनलं कपाळ मोकळं ठिवू न्हाई. मंग मी खोबरेलात कुकू कालवाया लागले. रोज सकाळी हे डबा अडकवत असले की मी बोट भरून झाकनावर टिळा लावायची, नेमका मधी, अन् मनात म्हनायची नीट ने, नीट आन. हे हसायचे. म्हनायचे माझ्यापरीस तिचीच काळजी तुला. कदी फडक्यानं पुसायचे, तरी मी दुसऱ्या दिवशी लावायची. पुसल्यानं ते वरचं जायचं, आतलं आतच दाबलं जायचं, वर रस्त्याची धूळ बसायची, अन् त्याच्यावर माझं नवं. असं वर्सभर. दिपू झाला, त्याची सटवाई पुजली, दात आले, अन् मी रोज टिळा लावतच व्हते.

दुसरी दिवाळी झाली न् ती बंद पडाया लागली. म्हंजी कसं, घरनं निघताना पैल्या किकेला चालू, मैल दीड मैल झकास जायाची, अन् मंग गुडगुड करून गपकन मरायची. किक मारून मारून मानूस घामाघूम. मंग हे उतरायचे, टाकीचं झाकन उघडून आत डोकवायचे पेट्रोल हाय का, गाडी हलवून बघायचे, झाकन लावायचे, मंग तो पलग असतो ना, ठिनगी पाडायचा, तो काढून पुसायचे, फुकायचे, लावायचे, अन् किक मारली की चालू! मंग घरी येऊन सांगायचे, पलगच खराब हाय. नवा पलग टाकला. पुन्ना तेच. मंग पेट्रोल येतं ती नळी बदलली. कारबुरेटर खोलला, धुतला. एकानं सांगितलं पेट्रोलात पानी हाय, समदं काढून गाळून भरलं. दोस्त चेष्टा करायचे, फिटर साहेब, तुमची घोडी दमती का वो? हे चिडायचे. ज्याला केसायेवढी फट कळती त्याला घरची गाडी कळंना. आत्या म्हनायच्या शर्यतीचं जनावर हाय, ते संसाराला नसतं. अन् मी काय करायची? मी टिळा अजून मोठा लावायची.

आता जे सांगते ते नीट ऐका बाई.

दिपू वर्स-सव्वा वर्साचा असंल. मधीच ताप आला. पैल्या दिवशी वाटलं दात येत असतील. दुसऱ्या दिवशी दूध टाकलं, मान मागं टाकाया लागला, डोळं उघडीना, उजेडाला रडायचा. आत्या म्हनल्या हे साधं न्हाई, पिंपरीला न्या मोठ्या दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता न्या. सकाळचे धा वाजले असतील. ह्यांची त्या दिवशी दुसरी पाळी व्हती म्हून घरी व्हते. यष्टी गेलेली, दुसरी दुपारी. हे म्हनले फटफटीवर अर्ध्या तासात पोचवतो. आदल्या दिवशीच त्यांनी टाकी गळ्यापत्तूर भरून आनली व्हती. मी पोराला टॉवेलात गुंडाळलं, त्या फळीवर बसले, एक हात पोराला, एक हात ह्यांच्या कमरंला, अन् बसायच्या आदी, हो बाई, बसायच्या आदी मी घरात पळत गेले अन् कुकू आनून झाकनावर लावलं. लेकरू मरतंय अन् मी ते केलं. चांगल्यासाठीच केलं.

नाशिक रस्त्याला लागलो न् लागलो तोच मेली ती. रोज मैल दीड मैल तरी जायाची, त्या दिवशी तेवढंबी न्हाई. हे म्हनले उतर, दोन मिनिटं. पाना काढला, पलग खोलला, पुसला. किक. किक. किक. न्हाई. झाकन उघडून बघितलंच न्हाई त्यांनी, कारन टाकी भरलेली व्हती, ते त्यांना ठाव व्हतं, कशाला बघतील? मंग ढकलली. मी पोर घेऊन मागनं पळतीया, हे पुढं ढकलत्यात, धडधड करून चालू झाली, मी बसले, पन्नास पावलं गेली, मेली. पुन्ना दोन मिनिटं. पुन्ना पलग. मी म्हनलं आवं सोडा तिला हितंच, कुनाच्या तरी ट्रकाला हात करा. हे म्हनले आता धरतीया, आत्ता धरली व्हती की, दोन मिनिटं थांब. अन् तेवढ्यात चाकनच्या बाजारातनं कांद्याचा टेम्पो आला, डायवर देवमानूस, आपनहून थांबला, म्हनला काय झालं दादा, पोर आजारी हाय का, बसा पुढं. अन् नेमकी तवाच हिनं एक डाव भुर्र केलं. हे म्हनले झाली, झाली चालू, जा भाऊ तुमी, आमी येतो मागनं. टेम्पो गेला. ही पुन्ना मेली.

त्या टेम्पोची पाठ मला अजून दिसती. वर गोन्या, अन् एक फाटकी ताडपत्री हालत व्हती.

मंग पोराला झटका आला. तोंडाला फेस, हातपाय ताठ, डोळं वर. मी वरडले. हे पाना टाकून पळत आले, रस्त्याकडंला पाटाचं पानी व्हतं तिथं ओंजळी भरभरून आनून त्याच्या डोक्यावर घालाया लागले, हातांना ग्रीस, पोराचं कपाळ काळं झालं. मी त्या टाकून दिलेल्या पान्याकडं बघितलं न् बोलले ते बोलाया नको व्हतं, मी म्हनलं मारा आता तुमच्या गाडीला किक, मारा, पोर मरू द्या.

तेवढ्यात सायकलवरनं एक म्हातारे मिस्त्री चालले व्हते, दिघीला त्यांचं गॅरेज, पलटनीच्या गाड्या सुदीक त्यांच्याकडं यायच्या म्हनं. समदे चाचा म्हनायचे. उतरले, एक नजर पोराकडं, एक गाडीकडं. हे पाटाकडं गेलेले पान्याला. चाचांनी खाली पडलेला पलग उचलला, बोटानं चोळला, म्हनले ये तो सूखा है बेटी, कोरडा ठनठनीत, ठिनगी हाय पन पेट्रोल उतरत न्हाई. टाकी हलवली, म्हनले भरलेली हाय, मंग का उतरत न्हाई? अन् झाकनाला हात घातला. झाकन फिरवलं तसा फुस्स करून असा लांब आवाज आला बाई, जसं कुनी श्वास कोंडून धरला व्हता अन् सोडला. चाचा म्हनले या अल्ला. झाकन उलटं करून उन्हाला धरलं. मला म्हनले पिन दे बेटी.

मी बांगडीची सेफ्टीपिन काढून दिली. ह्या हातानं दिली. त्यांनी ती त्या बारीक भोकात घातली, फिरवली, अन् आतनं लालभडक चिपाडावानी निघालं, तेलात वाळलेलं, घट्ट. चाचांनी ते तळहातावर घेतलं. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्या कपाळाकडं. मला म्हनले हवा आत जाया भोक असतं हे, बेटी, हवा आत गेली न्हाई तर पेट्रोल खाली येत न्हाई. मी पदर कपाळावर ओढला. हे ओंजळ घेऊन आले, काय झालं चाचा, काय व्हतं? चाचांनी मूठ मिटली. म्हनले कचरा था बेटा, धूळ बसली व्हती झाकनात. हा पलग बसव, मार किक.

पैल्या किकेला चालू झाली. दवाखान्यापत्तूर कुटं अडली न्हाई.

किती येळ गेला असंल रस्त्यावर? हे म्हनतात तास. मला तर जलम गेल्यावानी वाटला. डाक्टर म्हनले मेंदूत ताप गेलाय. अठरा दिवस तिथं व्हतो. पोर वाचलं. आत्यांनी गावभर साखर वाटली. मी डाक्टरला एकदा एकटी गाठून इचारलं, तासभर आदी आनलं असतं तर? ते म्हनले सांगता येत न्हाई बाई, कदाचित हेच झालं असतं, कदाचित न्हाई. मी म्हनलं पन काय झालंय? तवा ते दुसऱ्या खाटंकडं गेले. पुढं दोन म्हैन्यांनी कळलं. माझ्या हातनं हंडा पडला फरशीवर, केवढा आवाज, आत्या दचकल्या, अन् दिपू पाठमोरा खेळत बसला व्हता तो खेळतच राहिला. मान सुदीक वळवली न्हाई.

आता सहावं लागलंय त्याला. ऐकू येत न्हाई म्हून बोलत न्हाई. पुन्याला अशा पोरांची साळा हाय म्हनतात, बगाया गेलो व्हतो. पोर हुशार हाय, पान्याचे नंबर बघून बरूबर आनून देतं बापाला.

अन् बापाचं काय सांगू तुमाला. त्या दिवसापासनं ते फटफटीवर बसले न्हाईत. कंपनीची बस आता आळंदी फाट्यावर येती तिनं जातात. पन दर सुट्टीला ती गाडी खोलतात. समदी खोलतात. अंगनात मांडतात, प्रत्येक तुकडा उन्हाला धरतात, पुन्ना जोडतात, अन् पोतं टाकून ठिवतात. म्हनतात नुस्तं झाकनाचं भोक, पोरगा सुदीक वळखंल असा दोष, अन् मी फिटर, मला दिसला न्हाई, मी पलग पुसत बसलो. मी टेम्पो लावून दिला. झोपेत दोन मिनिटं, दोन मिनिटं बडबडतात. रातच्या पाळीला साहेबानं मशीनवरनं काढून झाडायला लावलं एकदा, उभ्या उभ्या डोळा लागला म्हून, दिवसा झोप न्हाई मंग काय. अन् मी टिळा लावायचा सोडला व्हता, त्याचं त्यांनी काय घेतलं मनावर? त्यांना वाटलं मी त्यांच्यावरचा राग गाडीवर काढतीया. रस्त्यावर बोलले व्हते ना मी तसं. चार वर्सं ते माझ्याकडं मान वर करून बोलले न्हाईत. अन् मी ते चालू दिलं. चाचा पुढं एकदा बाजारात भेटले, पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला, मला म्हनले बेटी, मैने कुछ नहीं देखा. मी घरी येऊन ढसाढसा रडले. भीती वाटायची हो. आत्यांना कळलं तर घरात ठिवतील का, ह्यांना कळलं तर पोर माझ्यापाशी राहू देतील का. आईनंच केलं, असं गाव म्हनंल. मला सातवा म्हैना लागलाय आता. ह्या बाळाला पोटात धरून मी रोज तेच ते आठवत बसते.

परवा सांगितलं बाई. परवाच्या सुट्टीला. हे अंगनात झाकन हातात घेऊन बसले व्हते, दिपू शेजारी. मी समोर जाऊन बसले अन् म्हनलं ते कचरा न्हवतं, माझं कुकू व्हतं. तेलातलं. रोजचं. समदं सांगितलं, त्या दिवशी निघताना लावलेलं, पिनचं, चाचांच्या मुठीचं. त्यांनी झाकन खाली ठिवलं. मला वाटलं आता हात उगारतील, मी पोटावर हात घेतला. त्यांनी उगारला न्हाई. म्हनले, कुकवाचं मी काय म्हनत न्हाई. मलाबी दिसत व्हतं ते रोज, मीच पुसून आत दाबलं असंल. पन चार वर्सं. चार वर्सं तू मला ह्या गाडीच्या हाडांत हुडकू दिलंस, अन् बाजूला बसून भाकरी वाढलीस.

मंग उठले न् शेतावर गेले. आत्यांना अजून काय म्हनले न्हाईत. माझ्या हातचं जेवतात, पन ताट खाली ठिवलं की मी उठून जावं असं बसतात. माझ्याशी बोलनं न्हाई.

पन एक सांगते बाई. परवा रातीला ते झोपले. पार सकाळपत्तूर. एक डाव बडबडले न्हाईत. मी जागी व्हते, त्यांचा श्वास ऐकत बसले, दिपूच्या अंगावर त्यांचा हात पडला व्हता तसाच राहिला. आता काय बोलायचं ते बोलतील, न्हाई बोलायचं तर न्हाई. माहेरी धाड म्हनले तर जाईन, बाळंतपनाला तशी जायाचीच हाय. देवा, त्यांच्या मानेवरचं माझ्या मानेवर आलं, ते राहू दे तिथं, मला पेलंल. त्यांची झोप तेवढी मोडू नको.